‘ग्रिंगो’ आणि हिरव्या गणवेशाची दंतकथा

परक्या माणसासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि अनेकांना शिवी वाटणाऱ्या ‘ग्रिंगो’ या स्पॅनिश शब्दाच्या जन्माची एक कथा वर्षानुवर्षे फिरते आहे. १८४६-४८ च्या युद्धात अमेरिकी सैनिक हिरव्या गणवेशात मेक्सिकोत घुसले आणि लोक ओरडले, ‘ग्रीन, गो!’ त्यातूनच म्हणे ‘ग्रिंगो’ झाला.

ही कथा खोटी आहे. मुळात त्या सैन्याचा गणवेश निळा होता. शिवाय मेक्सिकोतली सामान्य माणसं शत्रूला त्याच्याच भाषेत कशाला हाकलतील? पण सर्वांत भक्कम पुरावा स्पेनमधला आहे. एस्तेबान दे तेरेरोस या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघातल्या) पंडिताच्या शब्दकोशाचा दुसरा खंड १७८७ साली छापला गेला, म्हणजे युद्धाच्या जवळपास साठ वर्षं आधी. त्यात हा शब्द आहे! दक्षिण स्पेनमधल्या मालागामध्ये अडखळत, परक्या ढंगाने स्पॅनिश बोलणाऱ्या परदेशी माणसांना ‘ग्रिंगो’ म्हणतात आणि माद्रिदमध्ये विशेषतः आयरिश लोकांना, असं तो नोंदवतो. बहुतेक अभ्यासक याचं मूळ ‘ग्रिएगो’, म्हणजे ग्रीक, या शब्दात पाहतात. न कळणाऱ्या बोलण्याला स्पॅनिशमध्ये ‘ग्रीक’ म्हणायची जुनी पद्धत होती.

आजही अर्थ एकच नाही. मेक्सिकोत ग्रिंगो म्हणजे अमेरिकी माणूस. अर्जेंटिनात तो शब्द इटालियन स्थलांतरितांना चिकटला, इतका की त्यांनी कसलेल्या सांता फे आणि कोर्दोबाच्या मैदानी मुलखाला ‘पाम्पा ग्रिंगा’ हे नावच पडलं. पेरूत तर भुऱ्या केसांच्या स्थानिक मुलालाही प्रेमाने ग्रिंगो म्हणतात. त्यामुळे ही शिवीच आहे, हा समजही सरसकट खरा नाही.