मुंग्या कुठं आहेत, मावशी?

गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्याला कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात दाखवायला नेलं होतं. तपासायला बसलेला तरुण डॉक्टर केरळचा. मराठी शिकायला लागून त्याला जेमतेम आठ महिने झालेले, पण बोलायची हौस दांडगी.

"काय होतंय, मावशी?"

"लई मुंग्या येत्यात ओ पायाला. रातचं झोपू देईनात."

डॉक्टरनं वाकून तिचे पाय बघितले, खुर्चीखाली नजर टाकली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मुंग्या कुठं आहेत, मावशी? घरात पावडर टाकली का?" बाकावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सिस्टरनं समजावून सांगितल्यावर तोही हसला.

गंमत म्हणजे ही मुंगी त्याच्याही पुस्तकात होतीच. अंगावर काहीतरी सरपटतंय असं वाटण्याला वैद्यकात 'फॉर्मिकेशन' म्हणतात आणि 'फॉर्मिका' म्हणजे लॅटिनमधली मुंगी. अर्थ कळल्यावर पोरगं चटकन कामाला लागलं. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क घोट्यावर टेकवून "थरथर कळते?" असं विचारलं. मग नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायाला ठिकठिकाणी लावला. हा तंतू १० ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. तेवढा स्पर्शही कळत नसेल, तर त्या पायाला काटा रुतला, चटका बसला तरी पत्ता लागणार नाही. आत्याला दोन ठिकाणी काहीच कळलं नाही. दहा वर्षांच्या मधुमेहानं पायाच्या नसा बधिर होत आल्या होत्या.

मुंग्या म्हणजे मुंग्याच, असं धरून त्यानं एखादं मलम लिहून दिलं असतं तर ही तपासणी झालीच नसती. रुग्ण काय सांगतो ते ऐकणं हा वैद्यकातला सौजन्याचा भाग आहे, असं आपण समजतो. माझ्या मते ती तपासणीच आहे, रक्त-लघवीच्या तपासणीइतकीच पक्की किंवा कच्ची. १९७५ साली ब्रिटनमधल्या काही डॉक्टरांनी ८० नवे रुग्ण घेऊन हे मोजून पाहिलं होतं. त्यांतल्या ६६ जणांचं निदान, आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हकीकत ऐकूनच बरोबर ठरलं. हात लावून तपासणं आणि प्रयोगशाळा यांनी उरलेल्यांत थोडी भर घातली. तेव्हा सीटी स्कॅनही नवा होता हे खरं, पण हकीकतीचं वजन त्यावरून कळतं.

त्याच वर्षी माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदना मोजायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचा भर आकड्यांवर नव्हता, शब्दांवर होता. वेदनेचे ७८ इंग्रजी शब्द, २० गटांत लावलेले. दुखणं 'किती' याच्याइतकंच 'कसं' हेही महत्त्वाचं, हा त्यामागचा विचार. जगभर तिची भाषांतरं झाली, पण नुसता शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, कारण प्रत्येक भाषेनं वेदनेची वाटणी आपापल्या परीनं केलेली असते.

आपली वाटणी बघा. कळ येते आणि जाते. आतडं, मूत्रवाहिनी, गर्भाशय असा एखादा पोकळ अवयव आवळतो आणि सैल पडतो, तेव्हा कळ येते. ठणका नाडीच्या तालावर लागतो, पिकलेल्या गळवाला किंवा किडलेल्या दाताला. चमक क्षणात निघून जाते. ती कमरेतून पायात उतरली तर डॉक्टर मणक्याकडे बघतो. पायाची आग झाली तर नसेचा संशय आणि छातीत जळजळलं तर आम्लाचा. पेटका स्नायूला येतो. मुरडा जुलाबाच्या पाठोपाठ येतो. उसण भरली म्हणजे काय झालं, हे समजायला कोल्हापुरात पदवी लागत नाही. या शब्दांवरून निदान होत नाही, पण पुढं काय विचारायचं ते कळतं. डॉक्टरनं या सगळ्याचं 'दुखतंय' एवढंच लिहून घेतलं, की आजीनं हातात ठेवलेली अर्धी माहिती गळून जाते.

आणि हे झालं फक्त मराठीचं. कोल्हापूर हे सीमेवरचं गाव. सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात तासभर उभं राहिलात तर निपाणी-चिकोडीकडचं कन्नड ऐकू येतं, घाट चढून आलेली मालवणी येते, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर राबणाऱ्यांची हिंदी-भोजपुरी येते, हंगामात ऊसतोडीला आलेल्या बीडकरांची मराठी येते. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनीच इथं जास्त घोटाळा होतो. कन्नड माणूस 'सुस्तु' म्हणतो तेव्हा तो गळून गेलेला असतो, आणि मराठी कानाला तो नुसता सुस्तावलेला वाटतो. आपल्याकडे जुलाब 'होतात', तर हिंदीत जुलाब हे पोट साफ करायचं औषध. तिकडं होतात ते दस्त.

असा एक शब्द केवढ्याला पडू शकतो, याचं १९८० सालचं फ्लोरिडातलं उदाहरण वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही सांगतात. अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात आणलं. क्युबाहून आलेले घरचे लोक 'इन्टॉक्सिकादो' म्हणत होते, म्हणजे खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलं. डॉक्टरांनी ऐकलं इंग्रजी 'इन्टॉक्सिकेटेड', म्हणजे नशेत. उपचार अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे झाले, आणि खरं तर मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले.

मग दुभाषा कोण? आपल्याकडं नातेवाईक, वॉर्डबॉय, नाहीतर शेजारच्या खाटेवरचा माणूस. २००३ साली अमेरिकेत बालरोग विभागातल्या १३ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा दर भेटीत भाषांतराच्या सरासरी ३१ चुका निघाल्या. त्यांतल्या ६३ टक्के चुकांचा उपचारावर परिणाम होऊ शकला असता. रुग्णालयाच्या दुभाष्यांनीही चुका केल्या, पण हाताशी सापडलेल्या माणसांच्या चुका जास्त घातक होत्या. आणि भाषा नीट येत असली म्हणून काय झालं? 'अंगावर पांढरं जातंय' हे बाई आपल्या तरण्या मुलाच्या तोंडून डॉक्टरला कसं सांगणार? ती कंबर दुखते म्हणते. डॉक्टर कमरेची गोळी देतो.

शब्द कळला तरी त्यामागची समजूत उरतेच. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७८ साली दोन सहकाऱ्यांबरोबर एक लेख लिहिला. आजाराबद्दल रुग्णाच्या डोक्यात स्वतःची एक उपपत्ती असते, ती विचारून घ्या, असं त्यात म्हटलं होतं. कशानं झालं असं वाटतं? आत्ताच का झालं? सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? आमच्या डॉक्टरनं यातला पहिला प्रश्न विचारला आणि आत्या म्हणाली, "उष्णता उतरली पायात. साखर तर कवाच सोडलीया, गुळाचा चहा घेते." दहा वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं हे गाव. गूळ आपल्याला औषधी वाटतो, घरचा वाटतो, पण त्यातला मोठा भाग सुक्रोजच, म्हणजे साखरेतलं तेच. आणि तिच्या आहाराच्या छापील कागदावर गोडाबद्दल 'साखर वर्ज्य' एवढंच होतं. ओट्स आणि ब्रोकोलीही होती. ते असो.

उपवासाचंही तसंच. २००१ साली १३ देशांत झालेल्या एका पाहणीत टाइप २ मधुमेहाच्या ७९ टक्के मुस्लिम रुग्णांनी रमजानमध्ये किमान १५ दिवस रोजे धरल्याचं दिसलं, आणि साखर धोकादायकरीत्या उतरण्याचं प्रमाण त्या महिन्यात साडेसातपट झालं होतं. शिरोळ-हातकणंगल्याकडचा एखादा जैन शेतकरी चौविहार पाळत असेल, तर सूर्यास्तानंतर तो पाणीही घेत नाही. त्याच्या चिठ्ठीवरच्या 'रात्री जेवणानंतर'ला काय अर्थ राहिला? दोन्हीकडं गोळीची वेळ आणि मात्रा बदलून बरंच काही साधता येतं, फक्त आधी कळायला हवं. रोजा मोडेल या भीतीनं रुग्ण सांगत नाही, आणि डॉक्टर विचारत नाही.

पण यातून 'जैन म्हणजे असे, मुस्लिम म्हणजे तसे' असा तक्ता भिंतीवर लावायची घाई होते, ती मला पटत नाही. रात्री जेवणारे जैन आणि रोजा न धरणारे मुस्लिम याच गावात आहेत. १९९८ साली मेलनी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकी डॉक्टरांनी 'सांस्कृतिक सक्षमते'ऐवजी 'सांस्कृतिक नम्रता' हा शब्द सुचवला तो यासाठीच, की दुसऱ्याच्या संस्कृतीचा कोर्स कधी पुरा होत नाही. डॉक्टरांना असं प्रशिक्षण दिल्यानं रुग्ण बरे होतात का, याचा, वैद्यकातले पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१४ सालचा आढावाही सावध आहे. निकषात बसणारे पाचच प्रयोग सापडले आणि पुरावा कमकुवत निघाला. आपल्याकडं २०१९च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात संवादकौशल्य आलं, सुरुवातीच्या महिन्यात स्थानिक भाषा आली.

निघताना त्यानं आत्याला दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायला बोलावलं. ती वेळेवर आली. टेक्निशियननं विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" "न्हाई बा." मी मध्ये पडलो, "आत्या, चहा?" "चहा घेतला की. चहा म्हंजे काय खाणं व्हय?"

रक्त घेणं तिसऱ्या दिवसावर गेलं. या खेपेला डॉक्टर हुशार झाला होता. समजलं का, असं न विचारता तो म्हणाला, "मावशी, उद्या सकाळी काय काय घ्यायचं नाही, तुम्हीच मला सांगा."

"खायाचं न्हाई. चहा न्हाई."

"बरोबर."

आत्यानं जरा विचार केला. "दूध चालंल न्हवं?"

डॉक्टरनं चिठ्ठी परत मागितली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: फक्त पाणी.