पेंटबॉलची बंदूक हाताच्या मापाची कशी झाली

नाशिकमध्ये गंगापूर रस्त्याच्या किंवा त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला एखाद्या रिसॉर्टवर पेंटबॉल, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या मारून एकमेकांना बाद करायचा खेळ, खेळायला गेलं, की तिथला मुलगा रांगेतली एक बंदूक उचलून हातात देतो. सहा फुटी माणसाला तीच आणि बारावीतल्या मुलीलाही तीच. थोड्याच वेळात मान अवघडते, मास्कचा जबडा बंदुकीमागच्या वायूच्या टाकीवर आपटतो, ट्रिगरवरचं बोट आखडतं. मग कुणीतरी मोबाइलवर परदेशी खेळाडूंच्या निळ्या-जांभळ्या, झगमगत्या बंदुका दाखवतं आणि सगळ्यांना वाटतं, हा पैसेवाल्यांच्या हौसेचा मामला. हौस आहेच, पण आज नखरा वाटणारे त्यातले बरेचसे बदल कधीकाळी कुणाच्या तरी गैरसोयीवरचा इलाज होते.

मुळात ही बंदूक खेळासाठी बनलेलीच नव्हती. अमेरिकेत मिशिगनमधल्या नेल्सन पेंट कंपनीला जंगलातली तोडायची झाडं लांबूनच रंगवून ठेवण्याचं साधन हवं होतं. पशुपालकांना कळपातली जनावरं वेगळी काढायला तेच उपयोगी पडलं. डेझी या हवेच्या बंदुका करणाऱ्या कंपनीतल्या जेम्स हेल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पिस्तूल घडवलं. ‘नेल-स्पॉट ००७’ या नावाने ते विकलं गेलं. नळीचा व्यास ०.६८ इंच, शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या १२ ग्रॅमच्या छोट्या कुपीची. आजही बहुतेक मैदानांवर गोळी ०.६८ चीच असते. जंगल खात्याच्या गरजेतून ठरलेलं माप खेळाने तसंच उचललं.

२७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात १२ जणांनी ही पिस्तुलं घेऊन पहिला डाव खेळला. चार्ल्स गेन्स हे लेखक, हेज नोएल हे शेअर दलाल आणि त्यांचे मित्र बॉब गर्न्सी यांची ती कल्पना. जिंकला रिची व्हाइट नावाचा जंगल-कामगार, आणि तोही एकदाही गोळी न झाडता! गोळ्यांत तेव्हा तेलाचा रंग होता, त्यामुळे अंग धुवायला टर्पेंटाइन लागायचं. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारून पुढचे काही दिवस रंगीत कानांनी ऑफिसला जाणाऱ्या नाशिककराला त्याचं फार नवल वाटू नये. पुढे जिलेटिनच्या कवचात पाण्याने धुतला जाणारा रंग आला आणि कपडे वाचले.

झाड पळून जात नाही. माणूस पळतो, आणि उलट मारतोही. नेल-स्पॉटच्या अडचणी या एका फरकातून निघाल्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग) हाताने मागे ओढायचा, बंदूक कलती करून पुढची गोळी नळीत घरंगळू द्यायची. एका वेळी जेमतेम १० गोळ्या. कुपी संपली की खेळ थांबवून नवी घालायची. खेळाडूंनी मग घरच्या गॅरेजमध्ये आणि ओळखीच्या लेथवर खटपट सुरू केली. नळीखाली पुढे-मागे सरकणारी मूठ लावली, म्हणजे पंप. वर गोळ्यांची उभी नळी बसवली, म्हणजे कलती करण्याची कटकट गेली. पुढे त्या नळीची जागा मोठ्या डब्याने, हॉपरने घेतली. कुपीऐवजी पुन्हा भरता येणारी टाकी जोडली. खांद्याला टेकवायला दांडा आला. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शॉपमध्ये कामगार मशीनचं हँडल आपल्या उंचीला जुळत नाही म्हणून पाइपचा तुकडा वेल्ड करून लांबवतो, तसलीच ही बुद्धी. त्याला कुणी ‘कस्टमायझेशन’ म्हणत नव्हतं.

कारखानदार मागून आले. डेनिस टिपमन हे ब्राउनिंग मशीनगनच्या निम्म्या आकाराच्या, खरोखर चालणाऱ्या प्रतिकृती बनवायचे. १९८६ च्या अमेरिकी कायद्याने नागरिकांसाठी नव्या मशीनगन बनवणं थांबलं आणि त्यांनी मोर्चा पेंटबॉलकडे वळवला. त्यांच्या बंदुका दणकट आणि देखण्या कमी. १९९८ चं ‘मॉडेल ९८’ तर जगभरच्या भाड्याच्या काउंटरवर ठाण मांडून बसलं. दुसरं टोक म्हणजे बड ऑर यांची ‘ऑटोकॉकर’, १९९० च्या आसपासची. पंपाच्याच बंदुकीवर त्यांनी हवेने चालणारी छोटी यंत्रणा चढवली, म्हणजे हाताने ओढण्याचं काम वायूच करू लागला. ही यंत्रणा पुढच्या बाजूला उघडीच असायची. बारीक नळ्या, छोटा सिलिंडर, वायूचा दाब ठरवणारा रेग्युलेटर, सगळं डोळ्यांसमोर. ती जुळवणं किचकट, बिघडली की मालक रडकुंडीला. पण प्रत्येक भाग सुटा निघतो म्हटल्यावर प्रत्येक भाग बदलूनही बघता येतो. पेंटबॉलमध्ये सर्वांत जास्त नटवली गेलेली बंदूक हीच, आणि माझ्या मते याचं श्रेय तिच्या किचकटपणालाच आहे.

सुटे भाग एकमेकांना चालू लागले ते आटे जुळल्यामुळे. टाकीच्या तोंडाचा आटा बहुतेक कंपन्यांनी सारखा ठेवला, म्हणून एकाची टाकी दुसऱ्याच्या बंदुकीला बसते. मुठीचं तर आणखी मजेशीर. अनेकांनी मुठीचा सांगाडा १९११ सालच्या कोल्ट पिस्तुलाच्या मापाचा केला. त्या पिस्तुलासाठी रबराच्या, बोटांच्या खाचा पाडलेल्या मुठी बाजारात आधीपासून होत्याच. त्या स्क्रूंनी थेट पेंटबॉलच्या बंदुकीवर बसू लागल्या. घामाने निसटणाऱ्या हाताला एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. मे महिन्यात दुपारी खेळणाऱ्याने रंगाआधी मूठ बघावी.

टाकी कुठे असावी, हा प्रश्न बरीच वर्षं घोळत राहिला. सुरुवातीला ती बंदुकीच्या मागच्या टोकाला आडवी जोडायचे. दांड्याचं कामही तीच करायची. पण तोवर मास्क बदलला होता. पहिल्या काळात लोक वर्कशॉपचे चष्मे लावून खेळत. मग मोटोक्रॉसच्या गॉगलवरून पूर्ण चेहरा, कान आणि जबडा झाकणारे मास्क आले. डोळे वाचले, पण गाल टाकीला टेकेना आणि नळीच्या रेषेत डोळा येईना. म्हणून टाकी मुठीच्या खाली आली. त्यानंतर तिला आणखी खाली आणि पुढे ढकलणाऱ्या वाकड्या पट्ट्या निघाल्या आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांची लाटच आली. वजन पुढे सरकल्याने बंदूक हातात तोलली जायची. शिवाय पट्टी दिसायलाही झोकदार असायची. मग खेळच बदलला. रान सोडून तो हवा भरलेल्या फुग्यांच्या आडोशांच्या मैदानावर आला. तिथे एका क्षणात डोकं आणि नळी बाहेर काढून मारायचं आणि परत आत जायचं. बंदुकीला लागलेली गोळीही खेळाडूला बाद करते, म्हणून लोंबणारी टाकी महागात पडू लागली. वाकड्या पट्ट्या गेल्या, बंदूक छातीजवळ आली, हॉपर एका बाजूला कलण्याऐवजी मधोमध आणि बुटका झाला. आजच्या बंदुकीचा आटोपशीर, चिमुकला आकार आपल्याला स्टाइल वाटतो. त्यामागचं कारण निशाण्याचं क्षेत्रफळ कमी करण्याचं होतं.

नळीचं प्रकरण अर्धं शास्त्र आणि अर्धी समजूत. साधारण २० सेंटिमीटरनंतर वायूचा जोर संपत आलेला असतो. त्यापुढच्या लांबीने गोळी लांब जात नाही. लांब नळीचा फायदा म्हणजे छिद्रांमुळे आवाज कमी होतो आणि आडोशाच्या कडेवरून टोक बाहेर काढता येतं. गोळीच्या मापाशी नळीचा आतला व्यास जुळणं मात्र खरंच महत्त्वाचं. म्हणून आत वेगवेगळ्या मापांचे पातळ पाइप सरकवायची सोय असलेल्या नळ्या निघाल्या.

रंग आले अॅल्युमिनियममुळे. अॅनोडायझिंगमध्ये धातू सल्फ्युरिक आम्लाच्या हौदात विजेच्या धनाग्राला जोडतात. पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रांचा ऑक्साइडचा थर चढतो, तो रंग पितो आणि मग उकळत्या पाण्यात बंद होतो. वर फासलेल्या रंगासारखा हा पोपडे धरत नाही, म्हणून चिखलात लोळणाऱ्या वस्तूला तो योग्यच होता. एक रंग देऊन झाल्यावर दुसऱ्याचे शिंतोडे उडवायचे, अंगावर खाचा आणि लाटा कोरायच्या, हे सगळं नंतरचं. त्यातलं खाचा पाडणं वजनही थोडं कमी करतं, असं मालक घरच्यांना सांगत असावेत.

इलेक्ट्रॉनिक्सचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यात हातापेक्षा चिपचं काम जास्त. १९९६ च्या सुमारास ‘शॉकर’ आणि पाठोपाठ ब्रिटनची ‘एंजल’ या इलेक्ट्रॉनिक बंदुका आल्या. ट्रिगर माउसच्या बटणाएवढा हलका झाला, दोन बोटांचा झाला आणि गोळ्यांचा पाऊस पडू लागला. अखेर स्पर्धांनीच सेकंदाला किती गोळ्या, यावर मर्यादा घातली. शॉकरवाली स्मार्ट पार्ट्स कंपनी पेटंटच्या दाव्यांसाठी गाजली आणि २०१० मध्ये बंद पडली.

नाशिकमध्ये हे सगळं ऋतूंच्या कसोटीला लागतं. कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर चालतो. २० अंशांना तो सुमारे ५७ बार, ५ अंशांना ४० च्या आसपास. निफाडला पारा ५ च्या खाली उतरतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तशा सकाळी ही बंदूक मंद पडते. उलट ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. एप्रिलच्या दुपारी गाडीत तापलेली टाकी म्हणूनच धोक्याची. साध्या दाबलेल्या हवेची टाकी महाग असली तरी या दोन्ही कटकटींतून सोडवते. श्रावणात वेगळाच त्रास. जिलेटिन दमट हवेत फुगतं, गोळ्या नळीत अडकून फुटतात. तेव्हा कितीही झगमगती बंदूक असली तरी घट्ट झाकणाचा डबा आणि जरा मोठ्या व्यासाची नळी जास्त उपयोगी.

भाड्याने खेळणाऱ्याने आधी स्वतःचा मास्क घ्यावा, दुहेरी काचेचा, धुकं न धरणारा. मग मुठीवर टेनिस रॅकेटची टेप, आणि परवानगी असेल तर खांद्याचा पट्टा. नळीच्या तोंडावर घालायची कापडी टोपी बहुतेक ठिकाणी सक्तीची असते. आवडत्या रंगाची नक्षी तिच्यावर हवी तेवढी करून घ्या, कुणी हरकत घेणार नाही.

दोन गोष्टींना हात लावू नये. एक, गोळीचा वेग कमी-जास्त करणारा स्क्रू. ३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३०० फूट या रूढ मर्यादेवर सुमारे साडेबारा ज्यूल ऊर्जा घेऊन येते. तेवढी डोळ्याला पुरून उरते, म्हणून खेळाआधी क्रोनोग्राफवर वेग मोजतात. दुसरी, खऱ्या रायफलीसारखं रूप. मॉडेल ९८ वर लष्करी दांडा, नकली सायलेन्सर चढवायची परदेशात मोठी हौस आहे. देवळालीची छावणी, तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आणि ओझरचा विमान कारखाना असलेल्या जिल्ह्यात तसली वस्तू मोटरसायकलवर उघडी घेऊन फिरणाऱ्याला नाक्यावरच्या हवालदाराशी बराच वेळ बोलावं लागेल. अशी बंदूक न्यायचीच असेल तर टाकी काढून, बॅगेत घालून न्यावी.