घरच्या प्रिंटरवर फोटोचे रंग जुळवणं

स्क्रीनवर दिसणारा फोटो आणि प्रिंटरमधून बाहेर पडलेला कागद यांचे रंग शक्य तितके सारखे यावेत म्हणून जे काही करावं लागतं ते म्हणजे रंग जुळवणं, मोठ्या प्रेसवाले याला कलर मॅनेजमेंट म्हणतात. शंभर टक्के जुळत नाहीत हे आधीच मान्य करून टाकायचं. स्क्रीन स्वतः उजेड फेकते आणि लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून रंग बनवते, कागद मात्र खोलीतलाच उजेड परत पाठवतो आणि त्यावरची निळसर, गुलाबी, पिवळी शाई त्यातला थोडाथोडा भाग गिळते. त्यामुळे स्क्रीनवरचा तो चमकणारा पोपटी किंवा गडद शाईनिळा कुठल्याच साध्या प्रिंटरला तसाच्या तसा काढता येत नाही, निळा तर हमखास जांभळ्याकडे झुकतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "प्रिंट डार्क येतंय". लोक लगेच प्रिंटरला शिव्या घालतात, शाई बदलतात, पण हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, कारण बहुतेक वेळा स्क्रीनचा ब्राइटनेस फार वर असतो. प्रिंटसाठी फोटो एडिट करताना स्क्रीन प्रति चौरस मीटर 80 ते 120 कँडेलाच्या (कँडेला म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, लॅपटॉप आणि मोबाइल त्याच्या कितीतरी पुढे असतात. मोजायचं यंत्र नसेल तर कोरा फोटो पेपर खिडकीपाशी धरा, शेजारी स्क्रीनवर पांढरं पान उघडा आणि दोन्ही साधारण सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवत जा. इतकं एक केलं तरी निम्मं काम होतं असं माझं ठाम मत आहे. नाइट मोड बंद हवा हे वेगळं सांगायला नको.

मग येतं प्रोफाइल. अमुक प्रिंटर, अमुक शाई आणि अमुक कागद एकत्र आले की रंग कसा उमटतो याचा नकाशा असलेली ही छोटी फाइल, तिचं स्वरूप 1993 साली स्थापन झालेल्या आयसीसी या संस्थेने ठरवून दिलंय. कागद बदलला की प्रोफाइल बदललं, आणि कंपनीच्या शाईऐवजी बाजारातली स्वस्त शाई भरली की कंपनीचं प्रोफाइल त्या शाईला लागू पडत नाही, हे दुकानदार सांगत नाही. फोटो स्वतः मात्र एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपल्ल्यातच ठेवावा, हे मानक 1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने आणलं आणि घरगुती प्रिंटर आजही तेच गृहीत धरतात, अ‍ॅडोबी आरजीबी या त्याहून मोठ्या रंगपल्ल्यातला फोटो प्रोफाइल न वाचणाऱ्या अ‍ॅपमधून काढला तर हळदीच्या फोटोतली हळदसुद्धा मरगळलेली येते.

खरी गडबड होते ती दोनदा दुरुस्ती झाल्यामुळे. फोटोशॉप रंग बदलून पाठवतं आणि प्रिंटरचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) त्यावर परत आपलं डोकं चालवतो, मग चेहरे गुलाबी-लालसर येतात. दोघांपैकी एकानेच काम करायचं: अ‍ॅपला रंग सांभाळायला दिलेत तर ड्रायव्हरमध्ये कलर अ‍ॅडजस्टमेंट पूर्ण बंद, नाहीतर सगळं ड्रायव्हरवर सोडा. आणि कागदाचा प्रकार नीट निवडा, ग्लॉसी पेपर घालून सेटिंग प्लेन पेपरचं ठेवलं तर रंग फिक्के येतात किंवा शाई कागदावर साचते.

एक छोटी परीक्षा फार उपयोगाची आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी नुसती राखाडी पट्टी छापायची आणि खिडकीतल्या उजेडात बघायची. राखाडीत डोळा फसत नाही, जी झाक असेल ती लगेच कळते. पट्टी हिरवट आली तर आधी नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं बुजलीत का ते दाखवणारं चाचणीचं पान, काढा, त्यात गुलाबीच्या रेघा तुटलेल्या दिसल्या तर प्रोफाइलशी खेळण्यात अर्थ नाही, हेड क्लीनिंग, म्हणजे त्या छिद्रांची सफाई, करा. प्रिंट निघाल्या निघाल्या निकाल द्यायचा नाही, शाई सुकताना रंग बदलतो, निदान रात्रभर तरी थांबावं. आणि घरातल्या 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली तेच प्रिंट निळसर आणि पिवळ्या बल्बखाली तांबूस दिसणार, म्हणून फोटो जिथे टांगायचा त्याच भिंतीशी नेऊन बघावा.

काळे-पांढरे फोटो सगळ्यात अवघड. चार रंगांच्या बऱ्याच इंक टँक प्रिंटरमध्ये ग्लॉसी कागदावर काळी शाई वापरलीच जात नाही, उरलेल्या तीन रंगांतून काळा बनवला जातो आणि त्यातला एक जरी किंचित कमीजास्त झाला की आजोबांचा जुना फोटो हिरवट दिसतो. वेगळी राखाडी शाई असलेले प्रिंटर हे नीट करतात पण ते महाग, तेव्हा साध्या प्रिंटरवर असा फोटो आधीच थोडा तपकिरी करून छापावा, त्यात ही झाक बरीचशी लपते.