कळंबोलीच्या पोलादाला ताडपत्रीखाली घाम का फुटतो?

नवी मुंबईतल्या कळंबोलीत मालगाडीतून उतरलेल्या गॅल्व्हनाइज्ड कॉइलवर, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या गुंडाळीवर, पांढरे डाग दिसले की पहिला संशय पावसावर, दुसरा ताडपत्रीवर. पण हे डाग जानेवारीतही पडतात, आणि तेव्हा ताडपत्री धडधाकट असते.

घाटावरच्या थंडीत रात्र काढलेली कॉइल 18 अंशांवर आहे असं धरू. खाली खाडीकाठची हवा 28 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे तिच्यातली वाफ पाणी होऊन सुटायला लागते ते तापमान, साधारण 22 अंश. थंड पत्र्याला ती हवा लागली की पाणी सुटणारच. ते वेटोळ्यांच्या फटीत शिरतं. तिथे हवा खेळत नाही, त्यामुळे जस्तावर कार्बोनेटचा टिकाऊ थर बनण्याऐवजी पांढरं, भुसभुशीत हायड्रॉक्साइड धरतं. वीस टनांची कॉइल तासाभरात तापत नाही, आणि डॅमरेजचं, म्हणजे डबा अडवून ठेवल्याच्या दंडाचं, मीटर तर चालूच असतं. तेव्हा वाघीण (मालडबा) रिकामी करा, पण कॉइल शेडमध्ये नेऊन लगेच पुन्हा झाका आणि हवेइतकी गरम होईपर्यंत झाकलेलीच ठेवा.

पावसाळ्यात मात्र खरा त्रास वाऱ्याचा. बॉक्सएन प्रकारच्या खुल्या वाघिणीचं तोंड आतून सुमारे 9.8 मीटर लांब आणि 2.95 मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ 29 चौरस मीटर. ताशी 75 किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण 26 किलो होतो. याच्या निम्मी ओढ जरी ताडपत्रीला वर लागली, तरी दोऱ्यांवर पावणेचारशे किलोंचा भार येतो. शिवाय तो एकसारखा नसतो, हिसक्याहिसक्याने येतो. सैल कापड फडफडतं, आयलेट (दोर ओवायच्या भोकाची धातूची कडी) कापडातून उपटून येतं, शेजारच्या आयलेटवर दुप्पट ताण पडतो आणि मग अख्खी कडाच उसवते.

म्हणून दोर कडेच्या प्रत्येक आयलेटमधून जायला हवा. एक सोडून एक ओवणं ही खोटी बचत. सुती किंवा तागाचा दोर भिजला की आखडतो आणि सुकला की ढिला पडतो. नायलॉन ताणाखाली लांबतं. यांपेक्षा पॉलिस्टर बरं. दोन ताडपत्र्या जोडताना पुढची मागचीवर चढवावी, पण वाटेत इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं तर हीच घडी वाऱ्याला तोंड देते. तेव्हा दोन्ही कडा आवळलेल्याच बऱ्या.

दोन कॉइलमधली खोलगट जागा विसरू नका. तीन चौरस मीटरच्या खळग्यात पाच सेंटिमीटर पाणी साचलं की दीडशे किलो वजन झालं. मधे आडवी फळी टाकून उतार काढावा. कॉइलच्या धारेवर कापड घासतं, तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे घालावेत. गोणपाट नको, ते भिजून पाणी पत्र्यालाच लावून ठेवतं.

एक गोष्ट हुज्जत न घालता पाळायची. बॉक्सएनचा काठ रुळापासून सव्वातीन मीटरच्या आसपास, आणि वरची 25,000 व्होल्टची तार साधारण साडेपाच मीटरवर. वर चढलेल्या माणसाचं डोकं तारेपासून दोन मीटरच्या आत येतंच. वीज अधिकृतपणे बंद करून अर्थिंग लावल्याशिवाय कोणीही वर चढायचं नाही. सुटलेलं ओलं टोक वाऱ्याने उडालं तर तारेपर्यंत पोहोचू शकतं, म्हणून दोराची शेपटं लोंबती न ठेवता खाली बांधून टाकावीत.