पाण्यापेक्षा सावकाश

खळाळत्या नदीच्या घळईत पहिल्यांदाच राफ्टमधून शिरणाऱ्याला वाटते, जोरजोरात वल्ही मारली की सुटलो. मागे बसलेला अनुभवी मित्र मात्र ओरडत असतो, ‘मागे मार, मागे!’ ज्या खडकांपासून पळायचे, तिथेच रेंगाळायला हा का सांगतोय, हे नवख्याला उमगत नाही.

जरा हिशेब मांडू. रॅपिड, म्हणजे नदीचा उतारावरचा खळाळता पट्टा, 200 मीटर लांबीचे आहे आणि पाणी सेकंदाला 4 मीटर वेगाने धावते आहे. दोघे मिळून राफ्टला पाण्याच्या तुलनेत सेकंदाला 1 मीटर वेग देऊ शकता. राफ्ट 45 अंशांत तिरपी धरून पुढे वल्हवलीत, तर रॅपिड साधारण 43 सेकंदांत संपते आणि तेवढ्यात तुम्ही 30 मीटर बाजूला सरकता. तीच तिरपी राफ्ट मागे वल्हवलीत, तर 61 सेकंद मिळतात आणि 43 मीटर सरकता येते. मेहनत तेवढीच, पण खडक टाळायला 13 मीटर जास्त. शिवाय खडक चुकला नाहीच, तर पहिल्या पद्धतीत धडकेची ऊर्जा दुसरीच्या दुप्पट असते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते.

हे कळायला माणसाला बराच वेळ लागला. 1869 मध्ये जॉन वेस्ली पॉवेल या संशोधकाच्या तुकडीने अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या घळया पार केल्या, तेव्हा वल्हेकरी उताराकडे पाठ करून बसत. ताकद त्याच दिशेने चांगली लागते, पण धोका पाठीमागे. 4 नावा घेऊन निघालेली तुकडी 2 नावांनिशी बाहेर पडली. एक रॅपिडमध्ये फुटली, एक सोडून द्यावी लागली. पुढे 1890च्या दशकात नॅथॅनिएल गॅलोवे या शिकाऱ्याने नाव फिरवली, तोंड उताराकडे केले आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवत सावकाश उतरू लागला. एवढासा बदल, पण नदीतल्या नावाड्यांची रीतच पालटली.

आता रॅपिड मुळात होते कसे? घळईतली नदी सारख्या उताराने वाहते, हा गैरसमज आहे. ग्रँड कॅन्यन या प्रचंड घळईत कोलोरॅडो जेवढी खाली उतरते, त्यातला जवळपास अर्धा उतार तिच्या लांबीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात उरकतो. बाकी सगळे संथ डोह. बाजूच्या ओढ्यांतून पुरासोबत चिखल-दगडांचे लोंढे येतात आणि नदीच्या पात्रात पंख्यासारखे पसरतात. मागे पाणी तुंबते आणि उरलेल्या अरुंद वाटेने सुसाट निघते. डिसेंबर 1966 मध्ये अशाच लोंढ्याने क्रिस्टल नावाचे साधेसे रॅपिड एका झटक्यात कोलोरॅडोवरच्या सर्वात धास्तीच्या रॅपिडांपैकी एक करून टाकले.

अरुंद वाटेच्या तोंडाशी पाण्याची काचेसारखी गुळगुळीत जीभ दिसते. उथळ पाण्यावरच्या लाटेचा वेग खोलीवर ठरतो: 1 मीटर खोलीला सेकंदाला सुमारे 3.1 मीटर. पाणी याहून जोरात धावू लागले की कुठलीही लाट प्रवाहाविरुद्ध वर चढू शकत नाही. म्हणजे पुढच्या गोंधळाची वर्दी मागे पोहोचतच नाही, म्हणून जीभ इतकी शांत. प्रवाहाचा वेग आणि लाटेचा वेग यांच्या गुणोत्तराला विल्यम फ्रूड या अभियंत्याचे नाव आहे. ते 1च्या वर असेल, तर खाली खोल, संथ पाण्याला भिडताच प्रवाह एकदम उसळून उभा राहतो. 1983च्या पुरात कोलोरॅडोवरच्या धरणातून सेकंदाला अडीच हजार घनमीटरहून जास्त पाणी सोडावे लागले. त्या पुरात क्रिस्टलमध्ये 5-6 मीटर उंचीची अशी लाट उभी राहिली आणि मोठमोठ्या राफ्ट उलटल्या. भूवैज्ञानिक सुझन किफर यांनी नंतर तिचा उलगडा केला तो याच गुणोत्तराने.

पाणी बुडालेल्या खडकावरून पडते, तिथे हीच उसळी मागे कोसळून ‘होल’ तयार होते. वरचे पाणी तुमच्याकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट, येत राहते. खालचे पुढे जाते. इथे सावकाशीचा नियम साफ उलटतो. दोघांनी जोर लावून सरळ घुसायचे आणि वल्हे खोल घालायचे, म्हणजे त्याला फेसाऐवजी खालचे पुढे धावणारे पाणी सापडते. फेसात वल्हे मारणे म्हणजे हवेत हात मारण्यासारखे. फेसाची घनता कमी, त्यामुळे लाइफ जॅकेटही त्यात नेहमीइतके उचलत नाही. होलची टोके उताराकडे वळलेली असली, तर सापडलेला माणूस कडेने बाहेर फेकला जातो. टोके उलट वळलेली असली, तर ते त्याला आत ओढून धरते.

आणि तरीही राफ्ट खडकावर आडवी आदळली तर? अंग आपसूक खडकापासून दूर झुकते. नेमके तेच चुकते. तसे केले की प्रवाहाकडची कड खाली दबते, तिच्यावर पाणी चढते आणि राफ्ट खडकाला गुंडाळली जाते. सेकंदाला 3 मीटर वेगाच्या पाण्यासमोर 2 चौरस मीटर पृष्ठभाग आला, तर त्यावर अंदाजे 900 किलो वजनाइतका जोर बसतो. दोन माणसांनी ओढून सुटेल असे ते प्रकरण नव्हे. म्हणून दोघांनी खडकाच्याच बाजूला झेप घ्यायची. ‘खडकाकडे!’ ही हाक आधी ठरवून ठेवलेली बरी, कारण घळईच्या भिंतींवरून परतणाऱ्या गर्जनेत लांब वाक्य ऐकू येत नाही.

पाण्यात पडलात, तर पाय पुढे आणि वर ठेवून पाठीवर तरंगायचे, उभे राहायचे नाही. दगडांच्या फटीत पाऊल अडकले की मांडीभर पाणीसुद्धा माणसाला ढकलून बुडवते.

मोठ्या खडकामागे मात्र पाणी वळून उलटे, वरच्या दिशेने वाहते. या उलट्या पाण्याच्या आणि प्रवाहाच्या सीमारेषेवर राफ्टचे नाक तिरपे घातले की पुढचे टोक त्या उलट्या पाण्यात आणि मागचे अजून प्रवाहात असते, आणि राफ्ट गर्रकन स्वतःच फिरून थांबते. दोघांनाही वल्ही मांडीवर टाकून, चार हातांवर धडधडणाऱ्या पाण्याच्या शेजारी, पुढचे रॅपिड निवांत निरखता येते.