वस्तऱ्याचा शेवटचा दगड

सलूनमधला वस्तरा म्हणजे आता अर्धं ब्लेड खोवायची मूठ. रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा विचार केला तर ते बरंच झालं. त्यामुळे धोकटीतला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, गेला आणि ते शास्त्र उरलं घरी आपल्या वस्तऱ्याने दाढी करणाऱ्या हौशी मंडळींपाशी. त्यांचा कायमचा प्रश्न एकच: धार लावताना सगळ्यात शेवटी कोणता दगड वापरायचा?

दुकानात उत्तर आकड्यात मिळतं. १०००, ४०००, ८०००, १२०००, आणि खिसा भक्कम असेल तर ३००००. आकडा मोठा तसे कण बारीक, इतपत खरं आहे. पण जपानी औद्योगिक मानकात ८००० क्रमांकाच्या भुकटीचा मध्यम कण साधारण १.२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरतात, शॅप्टन ही जपानीच कंपनी आपल्या ८००० च्या दगडाला १.८४ मायक्रॉन म्हणते, आणि अमेरिकेतल्या नॉर्टनच्या ८००० मध्ये कण ३ मायक्रॉनच्या घरात असतात. आकडा तोच, कण अडीच पट मोठा. तेव्हा दोन कंपन्यांचे दगड पारखताना आधी मायक्रॉन विचारावेत.

एवढं बारीक लागतं तरी कशाला? दाढीचा केस सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो, तर चांगल्या पात्याच्या धारेची रुंदी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. वस्तऱ्याच्या दोन्ही बाजूंचे उतार जिथे मिळतात ती धार. दगडाचा प्रत्येक कण उतारावर चरा पाडतो, आणि दोन्हीकडचे चरे धारेपाशी भेटले की तिथे दाते तयार होतात. चरा खोल तर दाता मोठा, आणि तो गालाला लगेच कळतो. पोलादाचं नुकसानही खाचेपासूनच सुरू होतं, कारण ताण तिथे एकवटतो. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही पातं बोथट कसं होतं, हे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धार नुसती झिजत नव्हती. केस वाकून तिरका लागला आणि त्या जागी पोलादाची अंतर्रचना असमान असली, की धारेचा टवका उडत होता.

आता आकड्यांचा सगळा हिशेब मोडणारा एक दगड पाहू. बेल्जियममध्ये आर्देन डोंगरात व्हिएल्साल्मजवळ कोटिक्यूल नावाचा पिवळसर दगड निघतो. त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे (जात स्पेसार्टिन) स्फटिक खच्चून भरलेले असतात, आकार साधारण ५ ते २० मायक्रॉन. म्हणजे कणांच्या मापाने याची जागा १००० च्या रांगेत! तरीही पिढ्यान्‌पिढ्या वस्तऱ्याचा शेवटचा हात यावरच फिरवला गेला. कारण कणाच्या घडणीत आहे. गार्नेटचे स्फटिक बारा पैलूंचे, जवळजवळ गोल, बोथट कोपऱ्यांचे असतात. मऊ अभ्रकी थरात ते रुतून बसतात आणि त्यांचा जरासाच माथा वर राहतो. चरा रुंद पण अगदी उथळ पडतो.

याच दगडावर छोटा दगड घासून दुधासारखं पाणी काढलं तर गार्नेट सुटे होऊन लोळू लागतात आणि पोलाद भराभर कापतात. पण तेच सुटे कण धारेवर आदळून तिला बोथटही करतात. म्हणून थेंब थेंब पाणी घालत ते दूध विरळ करायचं आणि शेवट नितळ पाण्यावर करायचा. काम संथ होतं, आणि प्रत्येक थराच्या दगडाचा स्वभाव निराळा.

अमेरिकेतला आर्कान्सा दगड आणखी वेगळा. तो जवळपास निव्वळ सूक्ष्मकणी क्वार्ट्झचा, म्हणजे गारेचा, घट्ट विणलेला. त्याचे कण सहसा सुटत नाहीत, म्हणून त्याचा पृष्ठभाग तुम्ही किती गुळगुळीत केलाय यावरच धार ठरते.

माझं मत विचाराल तर शेवटच्या हातासाठी पहिला दगड कृत्रिमच घ्यावा, ८००० ते १२००० मधला. सगळीकडे सारखा असल्यामुळे चूक झाली तर ती हाताची की दगडाची, हे समजतं. कोटिक्यूलची हौस नंतर. शॅप्टनच्या ३०००० मध्ये कण ०.४९ मायक्रॉनचे असतात, पण आधीच्या दगडाचे चरे पुसले गेले नसतील तर तो त्यांना फक्त चकाकी देतो. खरा पाया १००० वर घातला जातो. तिथे दोन्ही उतार टोकापर्यंत मिळाले नाहीत, तर पुढचा कुठलाही महागडा दगड ते जुळवू शकत नाही. उतारावर मार्कर पेनची शाई फासून दोनचार हात फिरवा. जिथे शाई उरली, तिथे दगड पोहोचलाच नाही.

शेवटच्या दगडावर जाण्याआधी वस्तरा आणि हात स्वच्छ धुवावेत, कारण आधीच्या दगडाचा एखादा भरड कणही चरा पाडून जातो. दगड सपाट हवा आणि वस्तऱ्याची पाठ त्याला सतत टेकलेली हवी, म्हणजे कोन आपोआप सांभाळला जातो. दाब वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाइतकाच. जोर लावला तर पातळ धार एका बाजूला वळते, तिची तार निघते, आणि ती तार पहिल्याच दाढीत तुटते.