कपडा उलटा करून बघा

आमच्या सर्व ग्राहकांसाठी

कपडा आवडला की आपण तो अंगाला लावून आरशात बघतो, किंमत विचारतो आणि घेऊन टाकतो. नाशिकमधल्या रविवार कारंज्याजवळच्या आमच्या लहानशा दुकानात शिवणाबरोबर दुरुस्तीचंही काम चालतं, त्यामुळे आमच्या टेबलावर कपडे येतात ते उलट्या बाजूनेच. कुणाचा मुंढा फाटलेला, कुणाची बगल उसवलेली, कुणाचा दोन धुण्यांत आखडलेला. त्यातले निम्मे तरी वर्षभराच्या आतले असतात. ते का टिकले नाहीत आणि त्यांच्या स्वस्ताईची किंमत कुणी मोजली, हे गर्दीच्या वेळी नीट सांगता येत नाही. म्हणून हे पत्रक तुमच्या पिशवीत घालून देत आहोत.

माया किती आहे?

शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला आमच्या धंद्यात ‘माया’ म्हणतात. अंग भरलं, मूल वाढलं की टीप उसवायची, मायेतलं कापड बाहेर घ्यायचं आणि नवी टीप मारायची. आम्ही ब्लाउजला आणि कुर्त्याला दोन्ही बाजूंनी निदान एक-एक इंच माया ठेवतो.

मागच्या वर्षी एक काकू २००९ सालचा वांगी रंगाचा ब्लाउज घेऊन आल्या. एकदा सैल करून झाला होता, आता पुन्हा करायचा होता. टीप उसवली तर आतली पट्टी नव्यासारखी गर्द वांगी आणि बाहेरचं कापड धुवून धुवून फिकं पडलेलं. तशीच टीप मारली असती तर बगलेखाली गडद रेघ दिसली असती. जुन्या साडीच्या काठाची बारीक पट्टी त्या रेघेवर बसवली आणि ब्लाउज घालण्याजोगा झाला. त्याच पिशवीत त्यांच्या नातीचा टॉप होता. पाच-सहा वेळा घातलेला, काखेत फाटलेला. आत माया जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. टाका घालायला कापडच नव्हतं. फाटलेल्या जागी आतून ठिगळ लावून दिलं, पण ते ठिगळ दिसतं आणि नातीने तो टॉप पुन्हा घातला नाही.

इंटरलॉकच्या यंत्राला पातं असतं. ते शिवता शिवता कडेचं कापड छाटत जातं. एका कपड्यामागे दोन-तीन सूत कापड वाचलं तरी हजारो कपड्यांमागे ताग्यांचे तागे वाचतात. ते कारखान्याचे वाचतात आणि नुकसान तुमच्या घरी येतं. म्हणून दुकानात कपडा उलटा करा. बाजूची शिलाई दोन्ही हातांनी हलकेच ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर तो कपडा परत ठेवा. खालच्या दुमडीत कापड किती आहे ते बघा. चौकड्याचं कापड असेल तर बाजूच्या शिलाईवर रेषा जुळल्या आहेत का, तेही बघा. ज्याने रेषा जुळवल्या, त्याने बाकीचं कामही बहुधा मनापासून केलेलं असतं.

आता पैशांचा हिशेब. ४०० रुपयांचा कुर्ता ८ वेळा घातला तर एका वेळेचे ५० रुपये पडले. १,२०० रुपयांचा १२० वेळा घातला तर १० रुपये. मात्र महाग म्हणजे टिकाऊ असंही समजू नका. मोठ्या किमतीच्या कपड्यातही आम्हाला एक सुताची माया सापडली आहे.

नगावरचं काम

दुकान काढण्याआधी मी दोन वर्षं तयार कपड्यांच्या एका कारखान्यात नगावर, म्हणजे जितके नग शिवाल तितकेच पैसे, असं काम केलं. माझ्याकडे फक्त शर्टाचे कफ होते. दिवसभर कफ. पूर्ण शर्ट कधी माझ्या हातात आला नाही. एखादा कफ वाकडा बसला तर उसवून पुन्हा शिवायचा, पण त्या वेळेचे पैसे नाहीत. मग आपोआप हात वेगळं शिकतो. इंचात बारा टाके बसायला हवेत तिथे आठ बसतात, कारण टाका मोठा झाला की कफ लवकर संपतो. तो कफ तिसऱ्या धुण्यात सुटतो आणि घरचं माणूस म्हणतं, ‘हल्ली कुणाला नीट शिवता येत नाही.’ शिवता येत होतं हो. वेळ नव्हता.

याहून फार वाईट घडलेलं आहे. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती, तिच्यात कपडे शिवण्याचे कारखाने होते. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना भेगा दिसल्या. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. शिवणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं आणि २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली, त्यांत बहुतेक बायका. ऑर्डर वेळेत पाठवायची होती, एवढंच कारण. आपल्याकडे तमिळनाडूतल्या तिरुपूरला माणसांबरोबर नदीनेही भोगलं. तिथल्या रंगाईच्या कारखान्यांचं पाणी नोय्यल नदीत जाऊन शेती नासली, आणि २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करायला लावले. पाणी पूर्ण शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सोय केल्यावरच ते पुढे चालू शकले.

म्हणून स्वस्त कपडा दिसला की एक प्रश्न मनात येऊ द्या: यात कापसाचे किती, विणण्याचे किती, रंगाचे किती आणि शिवणाऱ्या बाईचे किती? आमच्याकडे चौघी जणी काम करतात. त्यांना पगार महिन्यावर आहे, नगावर नाही, आणि उसवून पुन्हा शिवण्याचा वेळही आम्ही कामातच धरतो. आमची शिलाई तुम्हाला थोडी जास्त वाटते ती यामुळे.

कापड कशाचं आहे?

दुकानदार ‘कॉटनसारखंच आहे’ म्हणाला की समजा, ते कॉटन नाही. घरी खात्री करता येते. शिलाईच्या मायेतून दोन-चार धागे ओढून घ्या, चिमट्यात धरा, पाण्याची वाटी जवळ ठेवा आणि जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख होते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. रेयॉनही कागदासारखंच जळतं, पण त्याचा धागा ओला करून ओढला की पटकन तुटतो. ओल्या सुताचं तसं होत नाही. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होतं म्हणून ते निसर्गाचंच, असं सांगून विकतात. ते बनवताना कार्बन डायसल्फाइड वापरतात, आणि कारखान्यातल्या कामगारांच्या मज्जासंस्थेला त्याचा त्रास होतो, ही गोष्ट कुणी सांगत नाही.

सुतालाही दोष आहेत. एक किलो सुती कापडामागे जगाच्या सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे. त्यात पावसाचं पाणीही मोजलेलं आहे, आणि खानदेश-विदर्भातला कापूस बहुतांशी पावसावरच वाढतो. तरी कपाटात न घालता पडून राहिलेला सुती कुर्ता म्हणजे शेतकऱ्याचा एक हंगाम वाया गेल्यासारखंच आम्हाला वाटतं. पॉलिस्टर खनिज तेलातून येतं आणि प्रत्येक धुण्यात त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू पाण्यात जातात. काही सांडपाणी केंद्राच्या गाळात अडकतात, उरलेले गोदावरीत. आम्ही सुती कापड विकतो, पण शिवायला पॉलिस्टरचा दोरा वापरतो, हेही सांगायला हवं. सुती दोरा बगलेत घामाने लवकर कुजतो आणि सगळी टीप उसवते. यावर याहून चांगला उपाय अजून आम्हाला सापडलेला नाही.

येवला आपल्याच जिल्ह्यात आहे

नाशिककरांनी पैठणीत तरी फसू नये, असं मनापासून वाटतं. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हातमागावरच्या पैठणीचा काठ आणि पदर उलट करून बघा. मोर, मुनिया, नारळी ही नक्षी उलट्या बाजूनेही जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा विणकराने हाताने तिथल्या तिथे गुंफलेला असतो. यंत्रावरच्या साडीला मागे सुट्या धाग्यांचं जाळं असतं किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा असतात. भरजरी पदराची साडी विणायला काही महिनेही जातात. तीन-चार हजारांत ‘येवल्याची हातमागावरची’ पैठणी कुणी देऊ केली तर त्या महिन्यांचं काय झालं, ते विचारा.

खुणेचंही समजून घ्या. ‘सिल्क मार्क’ एवढंच सांगतो की रेशीम खरं आहे. कापड हातमागावरचं आहे हे त्यातून कळत नाही, त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळा आहे. दोन्ही खुणा मागितल्या तर चांगला दुकानदार रागावत नाही.

यंत्रमागाबद्दल आमच्या मनात अढी नाही. मालेगावच्या यंत्रमागांवर हजारो घरं चालतात आणि रोजचं कापड तिथूनच येतं. यंत्रमागाचं कापड यंत्रमागाचं म्हणून विका, एवढंच म्हणणं आहे.

‘इको’, ‘ग्रीन’, ‘कॉन्शस’ असे शब्द हल्ली चिठ्ठ्यांवर फार दिसतात. नुसत्या शब्दाला काही अर्थ नाही. सेंद्रिय कापसासाठी ‘गॉट्स’ (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) हे प्रमाणपत्र विश्वासाचं आहे. कपड्यावर ‘सेंद्रिय’ लिहायला त्यात निदान ९५ टक्के सेंद्रिय तंतू लागतात, शिवाय कामगारांबद्दलच्या अटीही आहेत. पर्यावरणाचे खोटे दावे रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम काढले आहेत. दाव्याचा पुरावा विक्रेत्याने द्यायचा असतो. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

घरी काय करावं

कपडे धुण्याने झिजतात, घालण्याने त्यामानाने कमी. दोन तास घातलेला कुर्ता वाऱ्यावर टाका, लगेच बादलीत नको. गडद कपडे उलटे करून, साध्या पाण्यात धुवा आणि उलटेच सावलीत वाळवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात काळा कुर्ता आठवड्यात तांबूस होतो. रंग पक्का व्हावा म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवायची जुनी पद्धत आहे. बाजारच्या रंगांवर तिचा उपयोग होत नाही, पहिली दोन-तीन धुणी वेगळी धुतली तरी पुरे. पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, मलमलीत गुंडाळा. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, नाहीतर साडी घडीवर चिरते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. वेखंडाची पुरचुंडी बरी.

नको झालेल्या कपड्यांचं काय? आपल्या आज्या साडी विरली की गोधडी शिवायच्या, मऊ धोतराची बाळाला दुपटी करायच्या, आणि उरलेलं बोहारणीला देऊन पातेलं घ्यायच्या. आजही गोधडी शिवून मिळते, आम्हीही शिवतो, फक्त आत निदान दोन सुती साड्या द्या. नुसत्या जॉर्जेटची गोधडी अंगावरून घसरते आणि ऊबही देत नाही. लोकरीचे जुने कपडे पानिपतला जातात, तिथे त्यांचा धागा काढून कांबळी होतात. पण जगभरात जुन्या कपड्यांपासून पुन्हा नवे कपडे होण्याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी सांगतात, त्यामुळे ‘पेटीत टाकला की झालं’ या भरवशावर राहू नका. कुणाला द्यायचे तर धुऊन, बटणं लावून, चेन चालते का ते बघून द्या. आपण घालणार नाही इतका फाटका कपडा दुसऱ्यानेही का घालावा? तो पुसायला ठेवा, आणि घंटागाडीत टाकायचाच झाला तर सुक्या कचऱ्यात टाका.

आमच्याकडे

आम्ही शिवलेल्या कपड्याची टीप सहा महिन्यांत उसवली तर पुन्हा शिवायचे पैसे नाहीत. तुमच्या कापडातलं उरलेलं कातरण परत देतो. ते जपून ठेवा, पुढे ठिगळाला त्याच रंगाचं कापड दुसरीकडे मिळत नाही. दुसरीकडून घेतलेला कपडाही दुरुस्तीला घेतो. दुरुस्ती करण्यात अर्थ नसेल तर तसं स्पष्ट सांगतो. लग्नाचे किंवा सणाचे कपडे निदान तीन आठवडे आधी आणा. दिवाळीच्या आदल्या पंधरवड्यात दुरुस्ती बंद असते, कारण घाईत मारलेला टाका कसा असतो हे मी कारखान्यात बघितलं आहे. दुरुस्तीचा कपडा धुऊन, वाळवून आणा, आणि तुटलेलं बटण सापडलं असेल तर तेही खिशात घालून आणा.